वितीचं माप

“कोन गेला गो, नातालबाय?”

ठमाबाईने हे विचारलं तेव्हा नातालीनच्या हातात एक मोसंबं होतं, आणि ते पिकलंय की नुसतंच पिवळं दिसतंय याचा ती अंगठ्याने अंदाज घेत होती. पेणच्या बाजारात फळवाल्याच्या शेजारी सुकटीची पाटी घेऊन बसणारी ठमाबाई तिच्या नात्याची नव्हे की धर्माची नव्हे. खाडीकडच्या गावातली आगरीण, वर्षानुवर्षांची बाजारातली ओळख. पण तिने विचारलं ते अगदी घरच्या बाईसारखं, आवाज खाली आणून, पाटीवरच्या माश्या वारायचं थांबवून. नातालीनला आधी काही कळेचना. “कोण जायचंय?” ती म्हणाली. “मैत्रिणीकडे चाललेय, रोह्याला. आजारी हाय ती.” “आगो बाय!” ठमाबाई म्हणाली, आणि मग जरा थांबून, “लय आजारी हाय काय?” हे विचारताना ती नातालीनच्या तोंडाकडे बघतच नव्हती. ती बघत होती खाली, नातालीनच्या पायाशी टेकवलेल्या पिशवीकडे. नातालीननेही खाली बघितलं. तपकिरी रेक्झिनची, चेन तुटलेली, तोंडाला सेफ्टीपिन लावलेली पिशवी तिथे निवांत बसली होती. तिच्यात आज नाचणीचं पीठ होतं, बेकरीतले टोस्ट होते, वर मोसंबी पडायची होती, आणि तरीही ती तीच पिशवी होती.

ती पिशवी पेणमध्ये बऱ्याच जणांना ठाऊक. ख्रिस्ती घरं तशी मोजकीच, पण गल्लीबोळातल्या इतर लोकांनाही इतक्या वर्षांत अंदाज आलेला. ती घेऊन नातालीन रस्त्याने निघाली की समजायचं, यांच्यातलं कोणीतरी गेलं, आणि गेलेलं बाईमाणूस आहे. पुरुषांना शेवटची आंघोळ घालायला पुरुष असत, बायकांसाठी नातालीन. हनुवटी बांधायची पांढरी पट्टी, कापूस, ओडिकोलनची बाटली, फणी, पावडर, कात्री, सुईदोरा, पांढरे मोजे आणि बोटांत गुंफायला एक रोझरी, जपाची माळ, एवढं सामान त्यात कायम भरलेलं. तिचा धंदा शिवणकामाचा, आणि हे काम तिला जमायचं तेही शिवणकामामुळेच. मेलेल्या माणसाचे हात वळत नाहीत. म्हणून ब्लाउज पाठीतून उभा कापायचा, पुढून चढवायचा, मागे जादा कापड चिमटीत धरून दुमडायचं आणि टाके घालायचे. समोरून बघणाऱ्याला वाटावं, आत्ताच मापाचा शिवून आणलाय. त्यासाठी टेप लागत नसे. नुसत्या नजरेने तिला अंदाज यायचा आणि तो कधी चुकला नाही. फादर याला दयेचं कृत्य म्हणत, देवळात एकदोनदा नाव घेऊन म्हणाले होते. तिला ते आवडायचं, का खोटं बोला. चार बायका रडत असताना आपण एकटीने बाह्या सरसावून पाणी गरम करायला सांगावं, दार लोटून घ्यावं, आणि दार उघडेपर्यंत त्या घरातलं भयंकर काहीतरी नीटनेटकं, भांग पाडलेलं करून ठेवावं, यात एक सुख होतं. आणि आज सकाळी तेच सगळं सामान पलंगावर ओतून तिने त्या पिशवीत रोह्याच्या मैत्रिणीसाठी, ब्रिजितसाठी टोस्ट भरले होते. का? दुसऱ्या पिशव्यांचे बंद लेचेपेचे आहेत म्हणून, असं तिने तेव्हा स्वतःला सांगितलं होतं. आता भर बाजारात ते तिला पटेना. आपल्या हाताला काही ठाऊक आहे आणि आपल्याला नाही, असं काहीतरी विचित्र तिला वाटलं.

रोह्याची बस तिने सोडून दिली. तशीच घरी आली, साड्यांच्या दुकानाची एक रंगीत पिशवी शोधली, त्यात सगळं भरलं, आणि पलंगावरचा कापूस, पट्टी, बाटली पुन्हा रेक्झिनच्या पिशवीत घालून ती पलंगाखाली सरकवली. दारापर्यंत गेल्यावर लक्षात आलं की सवयीने गळ्यात टेप तशीच आहे. तीही काढून तिने मशीनवर टाकली. टेप बघूनसुद्धा ब्रिजितच्या मनात काही यायला नको. आपण नुसती मैत्रीण म्हणून जायचं, बाकी काही नाही.

बस वडखळला थांबली तेव्हा खिडकीतून अलिबागकडे वळणारा फाटा दिसला, आणि तिने नजर दुसरीकडे वळवली तरी जे आठवायचं ते आठवलंच. तिथून जवळच्या डोलवीच्या कॉलनीत मागे एका ख्रिस्ती पोरीला कावीळ झाली होती, नवी सून, नवरा कंपनीत शिफ्टला. नातालीन तिला बघायला गेली. हात रिकामे नव्हते, पण तपकिरी पिशवीही नव्हती. उसाच्या रसाची बाटली होती. पोरीच्या आईने दार उघडलं, नातालीनला ओळखलं आणि दोन्ही हात चौकटीला लावून उभी राहिली. “अजून हाय ती, बाई,” ती म्हणाली. “अजून हाय.” आणि दार लागलं. पोरगी बरी झाली, तिला दोन मुलंही झाली, पण आजतागायत ती देवळात नातालीन बसते त्याच्या विरुद्ध बाजूच्या बाकावर बसते. तेव्हापासून आजाऱ्यांना भेटायला जाणं नातालीनने सोडून दिलं. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात सगळ्यांनी सूर लावून घोकलं होतं: भुकेल्यांना अन्न देणे, तहानेल्यांना पाणी देणे, उघड्यांना वस्त्र देणे, बेघरांना आसरा देणे, आजाऱ्यांना भेटणे, बंदिवानांना भेटणे, मेलेल्यांना पुरणे. सातातलं शेवटचं आपण करतो ना, मग आधीचं एखादं राहिलं तर राहिलं, असा तिने मनाशी हिशेब मिटवला होता. माणूस जिवंत असताना आपण गेलो तर घाबरतं. मेल्यावर घाबरत नाही. म्हणून मेल्यावर जायचं. यात दयाच आहे, असं ती म्हणायची, आणि ब्रिजितच्या पोटात गाठ निघाली, मुंबईला नेऊन पोट उघडून पुन्हा शिवलं आणि डॉक्टरांनी घरी घेऊन जा म्हणून सांगितलं, तेव्हाही तिने हेच म्हटलं. अख्खा पावसाळा ती फोनवर “येते गो, येते” म्हणत राहिली. पापड पाठवले, ब्रिजितच्या नावाने देवळात मिस्सा सांगितली, ऑक्टोबर लागल्यावर रोज संध्याकाळी तिच्यासाठी रोझरी म्हटली. देवाच्या दारात जेवढं करता येईल तेवढं केलं. रोह्याला मात्र गेली नाही.

आणि ब्रिजित म्हणजे काही ओळखीपाळखीची बाई नव्हे. दोघी लग्न होऊन एकाच वर्षी पेणला आल्या, नातालीन वसईकडून, ब्रिजित रेवदंड्याकडून, आणि एकाच गल्लीत समोरासमोर राहिल्या. पावसाळ्याआधी गल्लीच्या टोकाच्या कारखान्यात गणपतींना रंग चढायला लागला की त्याची धूळ दोघींच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायची, आणि दोघी मिळून कारखानदाराला शिव्या घालायच्या. ब्रिजितचा पहिला ब्लाउज नातालीनने शिवला तेव्हा तिच्याकडे टेपसुद्धा नव्हती. तिने वीत टाकून माप घेतलं होतं, खांद्यापासून कोपरापर्यंत एवढं, छातीभोवती एवढं, आणि ब्रिजितला गुदगुल्या होऊन ती सारखी वळवळत होती. पुढे ब्रिजितच्या नवऱ्याला, सिमावला, धाटावच्या कंपनीत नोकरी लागली, दोघं नवराबायको रोह्याला गेली, पण ब्लाउज कायम पेणहूनच शिवून जायचे. पहिलं प्रेतसुद्धा दोघींनी मिळूनच नेसवलं. गल्लीतली कोंसेसावबाय भर मे महिन्यात गेली, तिच्या मुली मुंबईहून पोचायला संध्याकाळ होणार, उन्हाळा असा की थांबायची सोय नाही, आणि जाणत्या बायकांनी या दोघी पोरींना खोलीत ढकलून दार ओढून घेतलं. ब्रिजितने म्हातारीचं डोकं मांडीवर धरलं होतं. तिचे दात वाजत होते. “नाताल,” ती म्हणाली, “बोल ना काहीतरी गो. मला भीती वाटते.” काय बोलावं ते सुचेना, तेव्हा नातालीन म्हातारीलाच म्हणाली, “कोंसेसावबाय, हात द्या हां. हात द्या, बांगड्या काढू.” ब्रिजितला हसू फुटलं, ते आवरेना, मग नातालीनलाही फुटलं, आणि बाहेरच्या बायकांना वाटलं, पोरी रडतायत. थोड्या वेळाने खरंच रडल्याही. तेव्हापासून नातालीन मेलेल्यांशी बोलते. मान वळवा बाई, आता पाय, आता झालंच हां, जावई पोचलाय बरं का विमानाने. लोकांना ते ऐकून बरं वाटतं. मेलेल्यांशी बोलायला तिला कधी शब्द कमी पडले नाहीत.

रोह्याचं घर नदीपासून जवळ, तळमजल्यावर. दार सिमावने उघडलं आणि तो इतका मोकळेपणाने हसला की तिला लाज वाटली. “आली गो तुझी नाताल,” त्याने आत हाक दिली. पलंगाशी शेजारच्या विमलबाई बसल्या होत्या, शाळेतून रिटायर झालेल्या, रोज दुपारी येऊन ब्रिजितला पेपर वाचून दाखवायच्या. “आज चेहरा केवढा टवटवीत आहे बघा,” त्या म्हणाल्या. नातालीनने चेहरा बघितला. चेहरा पिवळा होता आणि एवढासा झाला होता, आणि कानांमागची कातडी ताणली गेली होती. अशा कातडीचा अर्थ त्या खोलीत फक्त तिला एकटीला कळत होता. तिला कळला म्हणूनच ती मोठ्याने म्हणाली, “टवटवीत तर हायच! मी घाबरत घाबरत आले, आणि ही बघा, आमच्यापेक्षा बरी.” ब्रिजितने तिच्याकडे बघितलं. मग तिच्या हाताकडे, मग रंगीत पिशवीकडे, मग पुन्हा तोंडाकडे.

“पिशवी नाय आणलीस?”

“ही काय. मोसंबी आणलीत, टोस्ट हायत.”

ब्रिजितने सिमावला पोहे करायला सांगितलं, आणि सिमाव मीठ दुप्पट घालतो म्हणून विमलबाईंना त्याच्या मागे पाठवलं. दोघं स्वयंपाकघरात गेल्याची खात्री होईपर्यंत ती दाराकडे बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, “माझे ब्लाउज सगळे सैल झालेत गो. माप घे माझं.”

“आता कशाला? बरी झालीस की अंग भरेल, मग तेच घट्ट होतील. मग येशील बोंबलत, नाताल, शिलाई उसव.”

“घे ना.”

“टेप नाय आणली.”

“मग वितीने घे. पूर्वी घ्यायचीस.”

त्या क्षणी तिला कळलं होतं का? नंतर तिने हा प्रश्न स्वतःला पुष्कळदा विचारला, आणि दर वेळी उत्तर वेगळं आलं. तेव्हा मात्र ती उठली, मोसंबं सोलायला घेतलं आणि म्हणाली, “दिवाळीनंतर पेणला येशील ना, तेव्हा घेते. चांगलं मशीनपाशी उभी करून घेते.” ब्रिजित छताकडे बघत होती. “व्हय,” ती म्हणाली. “येईन.” मग, “कपाटात ना, वरच्या खणात,” असं काहीतरी ती सुरू करत होती, तर नातालीनने तिच्या तोंडात मोसंब्याची फोड दिली. “बोलू नको. दम लागतो तुला.” फोड चघळता येईना, रस ओठाच्या कडेने आला, तो नातालीनने पदराने टिपला. “कोंसेसावबाय आठवते तुला?” ब्रिजितने विचारलं. “तू म्हणालीस, हात द्या.” “आता कशाला त्या आठवणी,” नातालीन म्हणाली. “देवाचं नाव घे, सगळं ठीक होतंय.” एवढ्यात पोहे आले. मीठ दुप्पटच होतं. सगळ्यांनी ते खाल्ले आणि सगळ्यांनी पुन्हा सांगितलं की ब्रिजितला उतार पडतोय, आणि सगळ्यांत मोठ्याने नातालीनने सांगितलं.

निघताना ब्रिजितने तिचा हात धरला. हात धरला म्हणजे नुसता धरला नाही. तिने नातालीनची बोटं एकेक करून ताणली, अंगठा एका टोकाला, करंगळी दुसऱ्या टोकाला, आणि तो पसरलेला पंजा उचलून आपल्या खांद्यावर ठेवला. नातालीनला वाटलं, माया आली तिला. तिने खांद्यावर दोनदा थोपटलं आणि हात काढून घेतला.

परतीच्या बसमध्ये ती खुशीत होती. आज तेच आठवलं की तिला स्वतःची किळस येते. नागोठण्यापर्यंत ती मनाशी म्हणत होती, छान निभावलं. घाबरवलं नाही, रडले नाही, पिशवी नेली नाही, मरणाचा म उच्चारला नाही. डोलवीच्या त्या बाईने बघायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेतली नमिता दिवाळीचा ब्लाउज टाकायला आली. नातालीनने तिला उजेडात उभं केलं, टेप उघडली आणि गिऱ्हाइकांना म्हणते तसंच म्हणाली, “हलू नको गो, माप घेते.” टेपेचं टोक तिने नमिताच्या खांद्यावर ठेवलं, आणि तिचा हात तिथेच राहिला. “काय झालं हो मावशी?” नमिताने विचारलं. काही नाही, नातालीन म्हणाली, खांदा उतरता आहे तुझा. पण तिला तेव्हा दिसत होता तो पलंगावरचा खांदा, हाडाची खुंटी राहिलेला, आणि आपला पंजा त्यावर बेतून ठेवणारी बोटं. ब्रिजितला सगळं ठाऊक होतं. सिमावपेक्षा, विमलबाईंपेक्षा, डॉक्टरपेक्षा जास्त ठाऊक होतं. तिला टवटवीत दिसते हे ऐकायचं नव्हतं. ते सांगायला घरात माणसं होती. तिला मरणाबद्दल एका माणसाशी बोलायचं होतं, त्यातलं जिला कळतं त्या एकीशी. कुठली साडी, केस कसे, कोणी रडायचं नाही, तू माझ्याशी काय बोलशील, भीती वाटते गो नाताल, बोल ना काहीतरी. त्यासाठी ती अख्खा पावसाळा वाट बघत होती. आणि आपण पिशवी पलंगाखाली सरकवून, टेप मशीनवर टाकून, तिच्या तोंडात मोसंब्याची फोड कोंबून आलो.

मग लगेच पहिली बस पकडून ती रोह्याला का गेली नाही? दिवाळीचे ब्लाउज होते. पुढ्यात गठ्ठा होता, प्रत्येकीला धनत्रयोदशीच्या आत हवा होता, आणि शिवणकामाच्या बाईने दिवाळीत शब्द मोडला तर पुढच्या वर्षी कोणी उंबरा चढत नाही. हे खरं होतं. पण ते एवढंच नव्हतं. पुन्हा जायचं म्हणजे टेप घेऊन जायचं. दार लोटून घ्यायचं आणि ब्रिजितच्या डोळ्यांत बघून म्हणायचं, चल, सांग. तेवढी छाती तिला झाली नाही. इतकी प्रेतं हाताळलेली बाई, पण जिवंत माणसाच्या तोंडून मरण ऐकायचं म्हटल्यावर ती मशीनपाशीच बसून राहिली. दिवाळी झाली की जाऊ, ती म्हणाली. मग दिवाळी झाली आणि मृतांचा दिवस आला. ती दफनभूमीत गेली, सगळ्यांच्या क्रुसांवरची काजळी पुसली, मेणबत्त्या लावल्या, कोंसेसावबायच्या क्रुसापाशी जरा जास्त वेळ उभी राहिली. पुढच्या रविवारी मिस्सा झाली की जाऊ, ती म्हणाली. एकदा फोन केला तर सिमावने तो ब्रिजितच्या कानाला लावला. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. “येते गो,” नातालीन म्हणाली. “माप घ्यायला येते.” ते तिने ऐकलं की नाही, कोण जाणे.

सिमावचा फोन आला तेव्हा दुपार होती आणि मशीन चालू होतं. “नाताल,” तो म्हणाला. नातालीनने पलंगाखालून पिशवी ओढली. बाजारातून स्टँडकडे जाताना ठमाबाईने तिला बघितलं, पिशवी बघितली, आणि या वेळी काही विचारलं नाही. पाटीवरून उठून उभी राहिली फक्त.

घरात माणसं जमली होती. दफन उद्या, फादर सकाळी येणार, असं कोणीतरी सांगत होतं. सिमाव तिला थेट आतल्या खोलीत घेऊन गेला. पलंगावर चादर होती आणि चादरीखाली फारसं काही नव्हतं. त्याने कपाट उघडलं, वरच्या खणातल्या साड्या दोन्ही हातांनी काढल्या आणि खुर्चीवर ठेवल्या. लग्नातली पांढरी होती, जुन्या पानासारखी पिवळसर झालेली. एक जांभळी होती, उपवासकाळात नेसायची. आणि एक पोपटी, जरीची, घडीसुद्धा न मोडलेली, तिच्यावरचा ब्लाउज दोन वर्षांपूर्वी नातालीननेच शिवून पाठवला होता. “कुठली ते तुला सांगितलंनच असंल,” सिमाव म्हणाला. “मी कितीदा विचारणार होतो, पन जीभ उचलंना. त्या दिवशी तू येनार म्हनून सकाळपासून बसून होती. मला म्हनालीन, नातालशी बोलायचंय, तुम्ही दोघं जरा आत जा. म्हनालीन, माझं झालं की नातालला विचार, तिला सगळं ठावं असंल.” त्याने नाक पुसलं. “तेवढं एक बरं झालं गो. तुझ्याशी तरी बोलली.”

नातालीन साड्यांकडे बघत उभी राहिली. आता सांगता आलं असतं. सिमावभाऊ, मी तिला बोलूच दिलं नाही. एवढं एकच वाक्य होतं. पण त्या माणसाला जगात एक गोष्ट बरी झालेली दिसत होती, आणि ती आपण त्याच्या हातातून कशी काढून घ्यायची? की हे पुन्हा आपण आपल्यालाच वाचवतोय, त्या दिवशी वाचवलं तसं? खोटं बोलले हे पापनिवेदनात सांगता येईल. माप घेतलं नाही हे देवाच्या दहा आज्ञांतल्या कुठल्या आज्ञेत बसवून सांगायचं? पांढरी, जांभळी, पोपटी. इतक्या वर्षांची मैत्रीण, तिच्या अंगावरचा एकेक टाका आपल्या हातचा, आणि तिला मरताना कुठला रंग हवा होता ते आपल्याला ठाऊक नाही.

“हो,” ती म्हणाली. “सांगितलंन. ही.” आणि तिचा हात पोपटीवर पडला.

“ही?” सिमाव जरा चमकला. त्याने पांढऱ्या साडीच्या काठावरून बोट फिरवलं. “मला वाटलेलं, लग्नातली म्हनेल. कायम म्हनायची तसं.” अजूनही हात उचलता आला असता. पण सिमावने मान हलवली, पांढरी साडी घडी सांभाळून पुन्हा खणात ठेवली आणि कपाट लावलं. “बदललं असंल मन. तुला सांगितलंन ना, मग झालं.”

तो बाहेर गेला. विमलबाईंनी कोमट पाण्याची बादली आणून ठेवली आणि दार लोटून घेतलं. त्यांना मदत करायची होती; त्यांनी पदर खोचला होता. नातालीनने चादर काढली, पट्टी बांधली, पाण्यात हात घातला, अंग पुसलं, केस विंचरले. हात आपोआप चालत होते. खोलीत फक्त पाण्याचा आवाज होता. थोड्या वेळाने विमलबाई अवघडून म्हणाल्या, “तुम्ही बोलता ना यांच्याशी? ब्रिजितबाई नेहमी सांगायच्या. म्हणायच्या, माझी नाताल येईल, बोलत बोलत नेसवेल, मला काही कळणारसुद्धा नाही.” नातालीनने तोंड उघडलं. हात दे, असं म्हणायचं होतं. एवढं तर पहिल्या दिवसापासून येत होतं. ते न म्हणता तिने फणी पुसली आणि पिशवीत ठेवली. विमलबाईंनी तिच्याकडे बघितलं, बादली उचलली आणि आणखी गरम पाणी आणते म्हणून बाहेर गेल्या.

पोपटी ब्लाउज तिने मांडीवर घेतला. दोन वर्षांपूर्वीच्या ब्रिजितचा ब्लाउज, या ब्रिजितला तीनदा गुंडाळता येईल एवढा. पिशवीतून कात्री काढली, पाठीचा मध्य धरला, कात्रीचं तोंड उघडलं. नजरेने अंदाज घ्यायचा, कापायचं, दुमडायचं, टाके घालायचे. समोरून बघणाऱ्याला काय कळतंय. तिने ब्रिजितच्या खांद्याकडे बघितलं आणि कात्री खाली ठेवली. मग तिने आपला उजवा हात पसरला, अंगठा एका टोकाला, करंगळी दुसऱ्या टोकाला, जेवढी ताणता येतील तेवढी बोटं ताणली आणि तो हात त्या खांद्यावर ठेवला, ब्रिजितने ठेवला होता अगदी तिथे.

“हलू नको गो,” ती म्हणाली. “माप घेते.”